कमी तापमानाचा थर्मोस्टॅट बसवला, तरी इंजिन पुन्हा तापतंय? दोष कुठे शोधायचा

तक्रार ठरलेली असते. टर्बो किंवा मोठ्या क्षमतेच्या पेट्रोल इंजिनातला मूळचा ८८ किंवा ९१ अंश सेल्सिअसचा थर्मोस्टॅट काढून त्या जागी ७१ अंशांचा बसवला. सुरुवातीला बरं वाटलं, मोकळ्या रस्त्यावर तापमान खाली राहिलं. मग गर्दीत अडकल्यावर किंवा ट्रॅकवर जोरात गाडी पळवल्यावर आकडा पूर्वी जायचा तिथेच जाऊन पोचला. थर्मोस्टॅट खराब निघाला असं समजून दुसरा आणला, तोही तसाच वागला. मग कोणी थर्मोस्टॅट काढूनच टाकतं, कोणी त्याच्या चकतीला भोकं पाडतं, आणि मूळ दुखणं जिथल्या तिथे राहतं.

अशा बहुतेक गाड्यांत थर्मोस्टॅट त्याचं काम चोख करत असतो. इंजिन थंड करणं हे त्याचं कामच नाही. इंजिनाला ठरावीक तापमानाच्या खाली जाऊ न देणं, एवढीच त्याची जबाबदारी. तापमान वर कुठवर जाईल हे रेडिएटर, पंखा, वॉटर पंप आणि समोरून येणारी हवा ठरवतात. ही विभागणी डोक्यात पक्की बसली की पुढचा शोध सोपा होतो.

थर्मोस्टॅटच्या पोटात एक पितळी डबी असते आणि तिच्यात मेण असतं. मेण वितळताना फुगतं, दांड्याला ढकलतं आणि स्प्रिंगच्या ताकदीविरुद्ध झडप उघडून कूलंटला, म्हणजे इंजिन थंड ठेवायला आत फिरणाऱ्या द्रवाला, रेडिएटरची वाट मोकळी करते. कडेवर कोरलेला आकडा हा झडप उघडायला लागण्याचा आकडा असतो. पूर्ण उघडायला त्याच्या वर साधारण १० ते १५ अंश लागतात. म्हणजे ७१ अंशांचा थर्मोस्टॅट ८१ ते ८६ अंशांच्या आसपास पूर्ण उघडतो आणि ८८ चा १०० च्या थोडं पुढे. अमेरिकी बनावटीच्या थर्मोस्टॅटवर आकडे फॅरनहाइटमध्ये असतात: १६० म्हणजे ७१, १८० म्हणजे ८२, १९५ म्हणजे जवळपास ९१.

आता समजा ट्रॅकवर तुमचं इंजिन ११० अंशांवर जातंय. तिथे जुना ८८ चा थर्मोस्टॅटही आधीच पूर्ण उघडलेला असतो. त्याच्या जागी ७१ चा बसवला तर तोही पूर्ण उघडलेलाच असणार. दोन्हींची वाट तेवढीच रुंद, रेडिएटर तोच, पंप तोच. सुरुवात खालून झाल्यामुळे ११० गाठायला थोडा जास्त वेळ लागेल, पण गाडी तशीच ताणत राहिलात तर शेवटचा आकडा तोच येईल. ड्रॅग स्ट्रिपवरच्या काही सेकंदांच्या धावेत ही खालची सुरुवात खरोखर उपयोगी पडते. लांबलचक ट्रॅक सेशनमध्ये पडत नाही.

मग लोक तो बसवतात तरी का? कारण आहे, आणि चांगलं आहे. सिलिंडर हेडचा धातू थोडा थंड राहिला की ज्वलनाच्या शेवटी उरलेलं मिश्रण आपणहून पेट घ्यायची शक्यता कमी होते, म्हणजे नॉकिंगपासून जरा जास्त मोकळीक मिळते. बऱ्याच गाड्यांचे ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारे संगणक, कूलंट ठरावीक आकड्याच्या वर गेलं की इग्निशन टायमिंग मागे घेतात, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतात. ती कपात टळली तर ताकद जाणवण्याइतकी टिकून राहते. पण हा फायदा ट्यूनसोबत, म्हणजे ईसीयूमधले आकडे बदलून घेतल्यावर, येतो. नुसता थर्मोस्टॅट बदलून आणि बाकी सगळं जैसे थे ठेवून फारसं हाती लागत नाही.

आधी आकडे बघा, काटा नको

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा या कामाला निरुपयोगी आहे. आजकालच्या बहुतेक गाड्यांत तो मुद्दाम मधोमध रोखलेला असतो. तापमान ८० असो की १००, काटा हलत नाही, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडी सॉकेट (ईसीयूमधले आकडे वाचायची जोडणी) सक्तीचं आहे. त्यात स्कॅनर लावा आणि कूलंटचं तापमान, बाहेरून येणाऱ्या हवेचं तापमान आणि दिसत असेल तर इग्निशन टायमिंग नोंदवत गाडी चालवा. सॉकेट नसलेल्या जुन्या गाडीला वेगळा सेन्सर आणि आकडे दाखवणारा गेज लागेल.

नोंद तीन परिस्थितींत हवी: स्थिर वेगाने मोकळ्या रस्त्यावर, एसी बंद ठेवून उभ्या गाडीत आयडलवर, आणि जोरात चालवताना. कोणत्या वेळी तापमान चढतं, यातच अर्धं निदान असतं. पळताना नीट आणि उभं राहिल्यावर चढतं, तर पंखा. उभं असताना नीट आणि वेग वाढला की चढतं, तर पाण्याचा प्रवाह किंवा रेडिएटर. थर्मोस्टॅट बदलल्या दिवसापासूनच आकडे वेडेवाकडे उड्या मारतात, तर आत हवा अडकली आहे. आणि सगळ्याच परिस्थितींत पूर्वीपेक्षा जास्त तापतंय, तर नवा थर्मोस्टॅट त्या इंजिनाला जुळणारा नाही.

पंखा: सगळ्यात जास्त वेळा इथेच घोडं अडतं

मूळ ईसीयूमध्ये पंखा चालू होण्याचा आकडा मूळ थर्मोस्टॅटच्या हिशेबाने ठरवलेला असतो, ९५ ते १०५ अंशांच्या पट्ट्यात कुठेतरी. तुम्ही ७१ चा थर्मोस्टॅट बसवला आणि पंख्याला हात लावला नाही, तर सिग्नलला उभं राहिल्यावर काय होतं ते बघा. झडप पूर्ण उघडी आहे, कूलंट रेडिएटरमधून फिरतंय, पण रेडिएटरमधून हवाच जात नाही. तापमान चढत चढत पंखा लागेपर्यंत जाणारच. समजा तो लागतो ९८ ला. म्हणून गर्दीतला तुमचा आकडा ९८. थर्मोस्टॅट कितीही वेळा बदला, हा आकडा हलणार नाही.

याची खात्री करायला काही उघडावं लागत नाही. गाडी उभी, इंजिन चालू, तापमान चढू लागलं की एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा सक्तीने फिरतो. तापमान उतरून खाली स्थिर झालं, तर रेडिएटर आणि प्रवाह ठीक आहेत आणि फक्त पंख्याचा आकडा बदलायचा आहे. पंखा फिरूनही चढत राहिलं, तर पंख्याची मोटर मंद झाली आहे का, तो उलटा तर जोडला नाही ना, त्याच्याभोवतीची जाकिटासारखी प्लास्टिकची चौकट काढून टाकली आहे का, हे बघा. चौकटीशिवाय पंखा आपल्यासमोरच्या गोल तुकड्यापुरतीच हवा ओढतो. रेडिएटरचा उरलेला भाग नुसता बसून राहतो. वजन कमी करायच्या नादात ही चौकट काढलेल्या गाड्या बऱ्याच आहेत.

ट्यूनमध्ये पंख्याचे आकडे ठरवताना दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात. चालू होण्याचा आकडा थर्मोस्टॅट पूर्ण उघडण्याच्या थोडा वर हवा. ७१ च्या थर्मोस्टॅटला पहिला वेग ८७-८८ ला आणि दुसरा ९२-९३ ला ही जोडी बहुधा जमते. बंद होण्याचा आकडा त्याच्या चार-पाच अंश खाली. तो जास्त हावरटपणे खाली आणला, समजा ७० ठेवला, तर झडप मिटत येते, कूलंट त्याच्या खाली जातच नाही आणि पंखा इंजिन बंद होईपर्यंत थांबत नाही. ‘नवा थर्मोस्टॅट टाकल्यापासून पंखा अखंड चालतो’ ही तक्रार जवळजवळ नेहमी याच चुकीतून येते, आणि त्यात मोटर आणि अल्टरनेटर दोघेही विनाकारण झिजतात.

जुन्या गाड्यांत ईसीयूऐवजी रेडिएटरच्या टाकीत बसवलेला थर्मोस्विच पंखा चालवतो. तिथे कमी तापमानाचा स्विच मिळतो आणि तोच लावावा. फक्त एक लक्षात ठेवा: तो स्विच पुष्कळदा रेडिएटरच्या थंड बाजूला असतो, म्हणजे निवून बाहेर पडणाऱ्या कूलंटचं तापमान त्याला दिसतं. त्याच्यावरचा आकडा आणि इंजिनच्या सेन्सरचा आकडा थेट तुलनेला ठेवता येत नाहीत.

खालची चकती

ज्यांच्या गाडीत नवा थर्मोस्टॅट बसवल्यावर तापमान पूर्वीपेक्षा वाढलं, त्यांनी हा भाग नीट वाचावा.

थर्मोस्टॅट दोन ठिकाणी असू शकतो. काही इंजिनांत तो हेडमधून गरम कूलंट बाहेर पडतं तिथे असतो. अनेक जपानी इंजिनांत आणि जनरल मोटर्सच्या (जीएम) एलएस इंजिन मालिकेत तो वॉटर पंपाच्या आत येणाऱ्या वाटेवर असतो. या दुसऱ्या प्रकारात थर्मोस्टॅटच्या तळाशी, मेणाच्या डबीच्या टोकाला, स्प्रिंगवर बसवलेली आणखी एक लहान चकती दिसते. इंजिन थंड असताना कूलंट बायपासच्या वाटेने इंजिनातच फिरत राहतं. मुख्य झडप उघडत जाते तशी ही खालची चकती पुढे सरकते आणि बायपासचं तोंड बंद करते, म्हणजे सगळा प्रवाह नाइलाजाने रेडिएटरकडे वळतो.

बाजारातल्या काही कमी तापमानाच्या थर्मोस्टॅटना ही चकती नसते, किंवा असते पण दोन-चार मिलिमीटर आखूड. वरून सगळं तसंच दिसतं, कडेचा व्यास जुळतो, गॅस्केटही बसतं. पण मुख्य झडप पूर्ण उघडल्यावरही चकती बायपासच्या तोंडापर्यंत पोचत नाही. गरम कूलंटचा एक मोठा हिस्सा रेडिएटर टाळून परत पंपात येतो. आयडलवर सगळं ठीक वाटतं, आणि इंजिनावर ताण आला की तापमान सुटतं.

म्हणून जुना थर्मोस्टॅट फेकू नका. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवा आणि व्हर्नियरने मोजा: कडेचा व्यास आणि जाडी, कडेपासून खालच्या टोकापर्यंतची लांबी, चकतीचा व्यास. लांबी कमी भरली किंवा चकतीच नसली, तर तो थर्मोस्टॅट त्या इंजिनाचा नाही, वेष्टनावर काहीही छापलेलं असो. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवणाऱ्यांची गतही अशा इंजिनांत हीच होते. बायपास कायम सताड उघडा राहतो, आणि थंड सकाळी इंजिन तापत नाही तर ताणाखाली अति तापतं.

पंपाच्या वाटेवरच्या थर्मोस्टॅटबद्दल आणखी एक गोष्ट लोकांना चकवते. त्याला रेडिएटरमधून निवून आलेलं आणि बायपासमधून आलेलं गरम अशा मिश्रणाचं तापमान जाणवतं. स्कॅनरवर दिसतं ते मात्र हेडमधून बाहेर पडणाऱ्या कूलंटचं. त्यामुळे ७१ चा थर्मोस्टॅट असूनही पळत्या गाडीत ८० च्या आसपासचा आकडा दिसणं स्वाभाविक आहे. तो दोष समजून थर्मोस्टॅट बदलू नका.

हवा अडकली असेल तर

थर्मोस्टॅट बदलताना कूलंट काढावं लागतं आणि भरताना हवा राहते. लक्षणं ठळक असतात: हीटर पूर्ण गरमवर ठेवूनही वाऱ्यात ऊब नाही, डॅशच्या मागून पाणी खळखळल्याचा आवाज, स्कॅनरवर तापमान अचानक खाली पडून पुन्हा उसळतं. सेन्सरभोवती कूलंटऐवजी हवेचा बुडबुडा आला की तो काहीही सांगू लागतो, त्या वेळच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

बऱ्याच थर्मोस्टॅटच्या कडेला एक छोटी लटलटणारी पिन असते. झडप बंद असतानाही तिच्या भोकातून हवा वर सटकते. उभ्या बसणाऱ्या थर्मोस्टॅटमध्ये ती सहसा सर्वांत वर, घड्याळातल्या बाराच्या जागी यायला हवी, मॅन्युअलमध्ये वेगळं सांगितलं असेल तर तसं. पिन खाली आली तर हवा झडपेमागेच कोंडते. मेणाच्या डबीला गरम कूलंट लागत नाही आणि झडप उशिरा उघडते. हवा काढताना गाडीचं नाक वर करा, हीटर पूर्ण गरमवर, रेडिएटरच्या तोंडावर फनेल, आणि थंड इंजिन सुरू करून रेडिएटरचा वरचा होज (रबरी नळी) अधूनमधून दाबत राहा. हवा सोडायचा ब्लीड स्क्रू असेल तर बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत तो उघडा. हे सगळं थंड इंजिनापासून सुरू करायचं असतं. गरम इंजिनाची कॅप उघडली तर दाबाखालचं कूलंट तोंडावर उसळतं आणि भयंकर भाजतं.

पिन नसलेल्या थर्मोस्टॅटला कडेवर तीन मिलिमीटरचं एक भोक पाडणं चालतं. मोठी चार-पाच भोकं पाडली की थर्मोस्टॅट असून नसल्यासारखा होतो.

पातेल्यातली चाचणी

नवा असो की जुना, बसवण्याआधी थर्मोस्टॅट पाण्यात तपासायला अर्धा तासही लागत नाही, आणि मी ही पायरी कधीच सोडायला सांगणार नाही. झडप बोटाने थोडी उघडून तिच्यात जाड दोऱ्याचं टोक अडकवा आणि थर्मोस्टॅट त्याच दोऱ्याने पाण्यात लोंबता धरा. तळाला टेकू देऊ नका, तळ पाण्यापेक्षा गरम असतो. शेजारी थर्मामीटर सोडा आणि मंद आचेवर पाणी ढवळत तापवा. झडप उघडू लागताच दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टुपकन खाली पडतो. तेव्हाचं तापमान म्हणजे त्याचं खरं उघडणं. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे चालतं. तसंच तापवत राहून झडप किती उचलली जाते ते बघा, बहुतेकांत पूर्ण उघडल्यावर आठ मिलिमीटर किंवा जास्त भरते. मग बाहेर काढून निवू द्या आणि झडप पूर्ण मिटते का ते उजेडासमोर धरून तपासा. जेमतेम फट राहिली तरी महामार्गावर इंजिन गरज नसताना थंड पडतं.

उलट दुखणं: तापतच नाही

७१ चा थर्मोस्टॅट, हिवाळी हवा आणि मोकळा रस्ता एकत्र आले की तापमान ७५ च्या खाली घुटमळतं आणि चेक इंजिनचा दिवा पी०१२८ कोड घेऊन येतो. ईसीयू आत येणारी हवा, इंजिनावरचा ताण आणि गेलेला वेळ यांवरून एव्हाना कूलंट किती तापायला हवं होतं याचा हिशेब करत असतो. तेवढं तापलं नाही की हा कोड. ईसीयूचं म्हणणं इथे बरोबर आहे. कोड ट्यूनमधून बंद केला म्हणजे दुखणं गेलं असं होत नाही. सेन्सरच्या तारेत रेझिस्टर घालून खोटा आकडा दाखवण्याचा उपाय तर मुळीच करू नका, कारण उद्या इंजिन खरोखर तापलं तर ईसीयूला तेही कळणार नाही.

थंड राहिलेल्या इंजिनाला ईसीयू अजून वॉर्म-अप चालू आहे असं समजून पेट्रोल जास्त देऊ शकतो. ते सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते, वास घेतला तर पेट्रोल कळतं. ऑइलमध्ये जमलेलं पाणी वाफ होऊन उडून जायला ऑइल १०० अंशांच्या जवळपास जायला लागतं. ते न गेल्यास ऑइलच्या झाकणाखाली पिवळट-पांढरा साय धरल्यासारखा थर दिसतो. कूलंटवर चालणारा ऑइल कूलर असलेल्या गाडीत कूलंट थंड म्हणजे ऑइलही थंड. सिलिंडर आणि पिस्टन रिंगांची झीज थंड इंजिनात जास्त होते, हे विसरू नका.

म्हणून रोज चालणाऱ्या गाडीला माझं मत स्पष्ट आहे: ७६ ते ८२ अंशांचा थर्मोस्टॅट घ्या. नॉकिंगपासूनची बरीचशी मोकळीक तिथे मिळते आणि ईसीयूही वॉर्म-अप संपल्याचं मान्य करतो. ७१ चा घ्यायचा असेल तर सोबत ट्यून हवाच, ज्यात पंखा, वॉर्म-अपचं इंधन आणि बदलतं व्हॉल्व्ह टायमिंग सुरू होण्याची तापमानाची अट हे सगळं तपासलेलं असेल. निसानच्या निस्मो या रेसिंग विभागाने निसानच्याच आरबी आणि एसआर इंजिनांसाठी ६२ अंशांला उघडणारा थर्मोस्टॅट काढला, तो सतत ताणाखाली राहणाऱ्या इंजिनात शोभतो. ऑफिसला जायच्या गाडीत त्याला जागा नाही.

इलेक्ट्रिक थर्मोस्टॅट असलेल्या गाड्यांचा रस्ता वेगळा. त्यांच्या मेणात हीटरची तार असते. हलक्या ताणात ईसीयू इंजिन मुद्दाम १०० च्या आसपास किंवा वर ठेवतो आणि जोर लागला की मेण तापवून झडप लवकर उघडतो. तिथे साधा थर्मोस्टॅट कोंबू नका, ईसीयूला हीटरचं सर्किट सापडलं नाही की दुसरा कोड येईल. अपेक्षित तापमानाचा तक्ता ट्यूनमध्ये खाली आणणं हाच सरळ उपाय आहे.

बसवताना

गॅस्केट थर्मोस्टॅटच्या कडेभोवती खोबणीत बसणारं रबरी कडं असेल तर ते सोबतच बदला. दोन्ही पृष्ठभाग प्लास्टिकच्या पातीने खरवडा, स्क्रूड्रायव्हरने ॲल्युमिनियमवर चरे पडतात आणि तिथूनच गळती सुरू होते. मेणाची डबी नेहमी इंजिनाच्या बाजूला. सहा मिलिमीटरच्या बोल्टना १० न्यूटन मीटरच्या आसपास पुरतं, प्लास्टिकच्या हाउसिंगला मॅन्युअलमधला आकडा बघूनच. रेडिएटरची कॅप जुनी असेल तर याच वेळी बदला. कॅप साधारण एक बारचा दाब धरते म्हणूनच निम्मं पाणी आणि निम्मं कूलंट १२५ अंशांपुढेही उकळत नाही. दाब धरला नाही तर ते १०७ च्या आसपासच उकळू लागतं.

वेग वाढला की तापणाऱ्या गाडीत थर्मोस्टॅटला दोष देण्याआधी खालचा होज बघा. इंजिन वेगात फिरवल्यावर पंपाच्या ओढीने तो चपटा होत असेल तर आतली स्प्रिंग गेली आहे किंवा रेडिएटर आतून चोंदला आहे. इंटरकूलर (टर्बोची हवा निववणारा भाग) आणि रेडिएटर यांच्यामध्ये मोठी फट असेल तर हवा बाजूने निसटते. फोम लावून ती बुजवली की अनेकदा थर्मोस्टॅटपेक्षा जास्त फरक पडतो.

हे सगळं स्वच्छ निघालं आणि तरीही जोरात चालवल्यावर तापमान चढतंय, कूलंट दर आठवड्याला थोडं कमी होतंय, रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज सकाळी दाबला तर टणक लागतोय, तर आणखी थर्मोस्टॅट विकत घेऊ नका. सिलिंडरमधला वायू हेड गॅस्केटमधून कूलंटमध्ये शिरत असण्याची शक्यता मोठी आहे, आणि जास्त बूस्टवर, म्हणजे टर्बोच्या जास्त दाबावर, चालणाऱ्या इंजिनात ती आणखी मोठी. रेडिएटरच्या तोंडावर ज्वलनवायू ओळखणारं निळं द्रव लावून चाचणी करतात, पेट्रोल इंजिनात द्रव पिवळं पडलं की निदान पक्कं. तोवर गाडी जोरात चालवू नका, आणि हेड उतरेल तेव्हा पृष्ठभाग सपाट आहे का ते मोजून घेतल्याशिवाय नवं गॅस्केट चढवू देऊ नका.